लिनक्सवर मोठी एबीसीडी, लहान एबीसीडी : एकाच लग्नाचे दोन 'हळदी' फोल्डर होऊन बसले, काय करू?

छापखाना_महाल

राम राम मंडळी. नागपूरच्या महाल भागात आपलं छोटंसं दुकान आहे, पत्रिका, फ्लेक्स, लग्नाचे अल्बम, जे येईल ते करतो. तीन मशिनी आहेत आणि तिन्ही जुन्या, विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला आणि अकरा काही ह्यांच्यावर चढत नाही, टीपीएम टू नावाची सुरक्षेची चिप पाहिजे म्हणते, तर भाचा दिवाळीत आला होता त्यानं तिन्हीवर लिनक्स मिंट टाकून देलं. मशिनी पळून राह्यल्या एकदम, तक्रार नाही. पण आता लग्नाचा सीझन सुरू झाला आणि डोकं फिरून गेलं.

झालं असं की एका लग्नाचा फोल्डर मी बनवला, त्यात 'हळदी' नावाचा फोल्डर इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं. आमच्या ऑपरेटर पोरानं संध्याकाळी तसाच दुसरा बनवला, सगळं लहान अक्षरात. विंडोज असतं तर 'आधीच आहे' म्हणून सांगितलं असतं ना, ह्यानं गुपचूप बनवू देला. आता अर्धे फोटो ह्यात अर्धे त्यात. बरं तेही चाललं असतं, पण खरा घोळ पुढे आहे. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातून फाइल येते डीएससी अंडरस्कोर ०४१२ आणि पुढे मोठ्या अक्षरातलं जेपीजी. पोरगा गिंपमध्ये रंग-बिंग नीट करून सेव्ह करते तर लहान जेपीजी. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात शेजारी-शेजारी मजेत बसलेल्या, कोणी कोणाले हटकून नाही राह्यलं. मग गिऱ्हाइकाले पेनड्राइव्ह भरून देला तर पेनड्राइव्हनं मधे विचारलं 'रिप्लेस करू का', पोरानं 'सगळ्यांना हो' दाबून टाकलं. दुसऱ्या दिवशी नवरीचे वडील पेनड्राइव्ह घेऊन दुकानात. निम्मे फोटो नीट केलेले, निम्मे कॅमेऱ्यातून आले तसेच काळपट. म्हणे आम्ही पैसे कायचे देले?

तर प्रश्न दोन. हे मोठं-लहान अक्षर बंद करायचं बटन कुठं आहे? आणि सगळ्या फाइली एकसारख्या लहान अक्षरात कशा करू, हजारानं आहेत.

(मोबाइलवर मराठी कीबोर्डच आहे, कमांड सांगाल तर मराठीत लिहिली तरी चालते, मी इंग्रजीत टाइप करून घेईन.)

तर्री_मारके

भाऊ मी धाग्याचं नाव वाचलं, आतमध्ये 'केस सेन्सिटिव्ह' (मोठं-लहान अक्षर वेगळं धरणारं) असणार हे ओळखलं, आणि आधी वाटलं टकलाचा विषय असेल. मग वाटलं हायकोर्टाची केस असेल, आपल्याकडे खंडपीठ आहेच. नवरीच्या वडिलांनी तेच केलं तर मात्र खरीच केस होईल.

बर्डीचा_बंड्या

सोपं आहे भाऊ टेन्शन नका घेऊ. फोल्डरात टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा आणि फॉर लूप लावा, प्रत्येक फाइलले एमव्ही, म्हणजे नाव बदलायची कमांड, करून लहान अक्षरातलं नाव देऊन टाका. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलात कमांडी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसात दोन स्वल्पविराम टाकले की लहान अक्षर होते. एक ओळ आहे, दोन सेकंदाचं काम. संध्याकाळी फुटाळा तलावावर या, चहा तुमच्याकडून.

छापखाना_महाल

वा बंड्याभाऊ, आत्ताच करून पाहतो. 'मेहंदी'वाल्या फोल्डरवर आधी.

सर्व्हरकाका

थांबा थांबा थांबा. बंड्या, तू त्यांची पोस्ट पूर्ण वाचली का? त्यांच्या फोल्डरात एकाच नंबरच्या दोन दोन फाइली आहेत, एक मोठा जेपीजी एक लहान. दोन्हीचं लहान केलं की नाव एकच. एमव्ही काही विचारत नाही, जी नंतर आली ती आधीचीच्या डोक्यावर बसते आणि आधीची गेली. कचरापेटीतही नाही, गेली म्हणजे गेलीच. छापखानाभाऊ, चालवलं नसेल तर चालवू नका.

छापखाना_महाल

चालवलं.

१२६ फाइली होत्या, आता ६३ दिसून राह्यल्या. आणि ज्या उरल्या त्या सगळ्या काळपट आहेत. पोरानं नीट केलेल्या गेल्या.

बर्डीचा_बंड्या

भाऊ सॉरी. खरंच सॉरी. मी पोस्ट मोबाइलवर चाळली फक्त.

सर्व्हरकाका

झालं ते झालं. त्या डिस्कवर आता काही नवीन टाकू नका, पण खरं सांगायचं तर एक्स्ट-फोरवरून (लिनक्सची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, म्हणजे फाइलसिस्टिम) अशी गेलेली फाइल परत काढायची आशा कमीच असते. गिंपच्या मूळ फाइली, म्हणजे एक्ससीएफ, पोरानं ठेवल्या आहेत का ते पाहा, त्या असतील तर पुन्हा एक्स्पोर्ट करायचं काम फक्त.

नीट केलेल्याच काऊन गेल्या हे सांगतो, कारण हे उलटंही होऊ शकलं असतं. लूपमध्ये तारा चिन्ह टाकलं की बॅश फाइलींची यादी वर्णानुक्रमे लावते आणि तो क्रम तुमच्या मशिनीच्या भाषेच्या सेटिंगवर ठरतो. आपल्याकडे साधारण इंग्रजीचं युनिकोडवालं सेटिंग असते, त्यात तेच अक्षर लहान असलं तर आधी आणि मोठं असलं तर मागून. म्हणून आधी लहान जेपीजीचं नाव बदललं, मग त्याच नावावर मोठा जेपीजी येऊन बसला. तेच सेटिंग नुसतं 'सी' असतं तर मोठी अक्षरं आधी लागली असती आणि तुमच्या नीट केलेल्या वाचल्या असत्या. एवढ्याशा गोष्टीवर पोराची दोन दिवसाची मेहनत.

पुढच्या वेळी एमव्हीले हायफन एन द्यायचं, म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल तर हात लावत नाही. हायफन आय दिलं तर विचारते. मी नवीन माणसाले एमव्ही शिकवतो तर आधी हायफन एन शिकवतो, मग बाकीचं.

मास्तर_निवृत्त

मी बरीच वर्षं शाळेत संगणक शिकवला, म्हणून थोडं मूळ कारण सांगतो, नाहीतर माणूस बटण शोधत बसतो आणि बटण नाही म्हटलं की लिनक्सला शिव्या देतो.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. गुरुजी पहिली लिपी, दुसरी लिपी अशी शिकवायचे, पहिली म्हणजे मोठी एबीसीडी, दुसरी म्हणजे लहान. आपल्या डोक्यात ते एकाच अक्षराचे दोन पोशाख आहेत. पण संगणकाच्या लेखी अक्षर हा प्रकारच नाही, तिथं आकडे. मोठा ए म्हणजे ६५, लहान ए म्हणजे ९७. मोठा बी ६६, लहान बी ९८. कुठलंही अक्षर घ्या, फरक नेमका ३२ चा. ही आस्की नावाची कोष्टकं, १९६३ साली पहिल्यांदा आली तेव्हा तर त्यात लहान अक्षरांना जागाच दिली नव्हती, ती १९६७ च्या सुधारणेत आली.

आता लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, काय करतो, तर फाइलीचं नाव म्हणजे बाइटांची ओळ, बस्स. त्यात दोनच गोष्टी चालत नाहीत, तिरकी रेघ आणि शून्य बाइट. बाकी काहीही टाका. रिकामी जागा टाका, तारा टाका, प्रश्नचिन्ह टाका. ६५ आणि ९७ हे त्याच्यासाठी ६५ आणि ९८ इतकेच वेगळे आहेत. 'हळदी' मोठ्या एचचं आणि 'हळदी' लहान एचचं यात त्याला काहीएक नातं दिसत नाही, जसं 'रमेश' आणि 'सुरेश' यांत आपल्याला दिसत नाही.

विंडोज काय करतं, तर तुम्ही जसं लिहिलं तसं लक्षात ठेवतं पण शोधताना भेद करत नाही. मॅकही मूळ सेटिंगला तसंच. त्यामुळे लोकांना वाटतं की जगाची रीतच ही, आणि लिनक्स वाकडं चालतंय.

छापखाना_महाल

मास्तर, समजलं. ६३ पैकी ४१ च्या एक्ससीएफ सापडल्या, पोरानं ठेवल्या होत्या शहाण्यानं. २२ परत कराव्या लागतील. आज रात्री दोघं बसतो.

पण तरी विचारतो, कर्नलवाल्यांनी एक बटन द्यायला काय हरकत होती? एवढं मोठं सॉफ्टवेअर बनवते लोकं.

मिहान_एक्सप्रेस

दादा बटण आहे, पण ते तुम्ही समजता तसं नाही. २०१९ मध्ये कर्नल ५.२ आला त्यात एक्स्ट-फोरला केसफोल्ड नावाची सोय आली. आधी त्या फाइलसिस्टिमवर ते फीचर चालू असावं लागतं, मग एखाद्या फोल्डरला सीएचएटीटीआर कमांडने अधिक चिन्ह आणि मोठा एफ लावायचा, आणि तो फोल्डर त्या वेळी रिकामा हवा. भरलेल्यावर लागतच नाही. लागला की त्या फोल्डरात मोठं-लहान एकच, आत नंतर बनवलेल्या फोल्डरांनाही ते आपोआप लागतं. हे काम मुख्यतः गेमसाठी झालं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायचे तर गेममध्ये एका ठिकाणी फाइलचं नाव मोठं लिहिलेलं असतं आणि डिस्कवर लहान, मग गेम पडतो.

गंमत म्हणजे उलटी सोय विंडोजनेही दिली, २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या फाइलसिस्टिमवर, एकेक फोल्डर निवडून लिनक्ससारखा करता येतो. म्हणजे दोघं एकमेकांच्या घरी डोकावून आले.

आता कर्नलवाले ह्याच्या नादी का लागत नाहीत, ते. 'मोठं-लहान एकच धरा' हे इंग्रजीत सोपं, ३२ वजा करा झालं. पण जगात तुर्की भाषा आहे, तिथं टिंबवाला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत आणि दोघांचं मोठं रूप वेगळं. जर्मनमध्ये एक अक्षर मोठं केलं की दोन एस होतात. मग कर्नलने कुठल्या देशाचं व्याकरण धरायचं? आणि युनिकोडची नवी आवृत्ती आली, नियम बदलला, तर कालपर्यंत वेगळ्या असलेल्या दोन फाइली आज एक होतील का? लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः ह्या भेद-न-करण्याच्या विरोधात आहे आणि ते तो चांगल्याच कडक शब्दांत सांगत आलाय.

सुरक्षेचाही भाग आहे. डिसेंबर २०१४ मध्ये गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामरांच्या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये, मोठं भोक सापडलं होतं. गिटचा एक लपलेला फोल्डर असतो, डॉट गिट, त्यात कुणाला बाहेरून लिहू द्यायचं नाही असा नियम. पण कुणी मोठ्या जीने तेच नाव पाठवलं तर गिट म्हणायचं हे वेगळं नाव आहे येऊ दे, आणि विंडोज-मॅकची डिस्क म्हणायची अरे हा तर तोच फोल्डर. घुसला माणूस आत.

तुमच्या दुकानासाठी मी तरी केसफोल्ड सांगणार नाही. तुमचा पेनड्राइव्ह आणि तुमची शिस्त, दोन्ही तशीच राहतील.

तर्री_मारके

म्हणजे कर्नल हा आपल्या इतवारीतल्या जुन्या व्यापाऱ्यासारखा आहे. वहीत जे लिहिलं तेच खरं, तुमच्या मनात काय होतं ते विचारून नाही राह्यला.

बर्डीचा_बंड्या

पापक्षालन म्हणून नीट शोधून लिहितो, काकांना विचारून घेतलंय ह्या वेळी.

आधी भांडण कुठं कुठं आहे ते पाहायचं. फाइंड डॉट, त्याचा निकाल पाइपने सॉर्ट हायफन एफला, तिथून पुढे यू-एन-आय-क्यू कमांडला आणि तिला हायफन मोठा डी लहान आय. जेवढी नावं फक्त मोठ्या-लहानमुळे वेगळी आहेत तेवढी जोडीजोडीनं छापून येते. काहीच आलं नाही तर मैदान मोकळं.

मग नाव बदलायला हातानं लूप लिहूच नका. कॉन्व्ह-एमव्ही नावाचं छोटं टूल आहे, त्याले दोन हायफन लोअर सांगितलं की लहान अक्षरं करते. मला त्याची एकच गोष्ट आवडली, ते स्वतःहून काहीच करत नाही, फक्त काय करणार ते दाखवते. खरं करायचं असेल तर दोन हायफन नोटेस्ट लिहावं लागते. माझ्यासारख्यासाठीच बनवलं असं वाटून राह्यलं.

टर्मिनल नको असेल तर मिंटमध्ये बल्की म्हणून नाव बदलायचं प्रोग्राम असते, फाइली निवडून त्यात केस बदला म्हणायचं, खाली नवीन नावं आधी दिसते.

सर्व्हरकाका

शाब्बास. अजून एक, पेनड्राइव्हचा किस्सा कोणी फोडला नाही अजून. पेनड्राइव्हची फाइलसिस्टिम एफएटी-३२ किंवा एक्सफॅट असते. तुम्ही लिनक्सवर लावला तरी तो पेनड्राइव्ह मोठं-लहान एकच धरते, भेद मशिनीचा नाही डिस्कच्या जातीचा आहे. तुमच्या घरच्या डिस्कवर दोन भाऊ वेगळे राहत होते, पेनड्राइव्हवर एकच खाट. म्हणून 'रिप्लेस करू का' विचारलं. पोराचा दोष नाही त्यात, प्रश्न बरोबर होता, तो कायले विचारून राह्यला ते समजायले जागा नव्हती.

आणि पेनड्राइव्हवरच नुसतं मोठ्याचं लहान करायचं असेल तर कधी कधी 'दोन्ही एकच फाइल आहे' म्हणून अडते. मग आधी भलतंच नाव द्यायचं, मग पाहिजे ते. दोन पायऱ्या.

कॅमेऱ्याच्या नावात मोठी अक्षरं काऊन, तर ते कॅमेऱ्यांचं जुनं ठरलेलं आहे, आठ अक्षरांचं नाव, शेवटचे चार आकडे, सगळं मोठ्या लिपीत, डीसीआयएम फोल्डरसुद्धा. ९९९९ झाले की पुन्हा एकपासून. दोन फोटोग्राफर असले की ०४१२ दोघांकडेही निघणारच. त्यामुळे तुमचे दोन 'हळदी' फोल्डर एकात टाकताना पुन्हा तोच खड्डा आहे, बघा.

छापखाना_महाल

अरे बाप्पा, खरंच दोन फोटोग्राफर होते! बरं झालं सांगितलं, आज तेच करणार होतो.

मिहान_एक्सप्रेस

माझी पण एक जुनी जखम. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका क्लायंटची वेबसाइट केली, सगळं काम विंडोज लॅपटॉपवर, तिथं एकदम चकाचक. रात्री लिनक्स सर्व्हरवर चढवली, सकाळी क्लायंटचा फोन, एकही फोटो दिसत नाही. फोल्डरचं नाव मोठ्या आयने इमेजेस होतं, मी पानात सगळीकडे लहान आयने लिहिलं होतं. लॅपटॉपने कधी चूक दाखवलीच नाही म्हणून चूक आहे हेच माहीत नव्हतं. पत्त्यात वेबसाइटच्या नावाला मोठं-लहान चालतं, त्याच्या तिरक्या रेघेनंतरचा भाग मात्र सर्व्हरच्या डिस्कप्रमाणे. अपाचे सर्व्हरला ह्यासाठी एक मॉड्यूल आहे, चुकलेलं नाव जुळवून घेतं, आणि त्या मॉड्यूलच्या नावातच स्पेलिंगचं स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं आहे, एक एल कमी. ते लावून दिवस काढला आणि मग रात्रभर पानं सुधारली.

तेव्हापासून मी घरच्या किराणा यादीची फाइलसुद्धा लहान अक्षरात, रिकाम्या जागेऐवजी हायफन. आई विचारते हे काय 'तूर-डाळ' लिहिलंस.

आणि लिनक्सवाले स्वतः किती बिनधास्त आहेत त्याचं उदाहरण : कर्नलच्या सोर्समध्येच नेटवर्कच्या भागात अशा जोड्या आहेत, एकाच नावाची एक फाइल मोठ्या अक्षरात, एक लहान, दोन्हीचं काम वेगळं. विंडोजवर तो सोर्स उतरवला की गिट इशारा देतं की ह्या फाइली एकमेकींवर आदळल्या.

छापखाना_महाल

रात्री २ वाजता लिहून राह्यलो. २२ पैकी १५ झाल्या. पण आता नवीनच भूत.

मी म्हटलं इंग्रजीची कटकटच नको, आपण मराठीत नावं देऊ, मराठीत कुठं मोठं-लहान असते. तर पोरानं 'दुसऱ्या' असा फोल्डर केला, दुसऱ्या दिवशीचे फोटो म्हणून. मी माझ्या मशिनीवर तेच नाव टाइप करून शोधलं, सापडत नाही. मी नवीन बनवला, बनला! आता स्क्रीनवर दोन 'दुसऱ्या' आहेत, एकाखाली एक, अक्षर न् अक्षर सारखं. ह्यात कुठली मोठी लिपी आली?

तर्री_मारके

एक वरपक्षाचा, एक वधूपक्षाचा.

मास्तर_निवृत्त

छापखानाभाऊ, तुम्ही नकळत फार सुंदर प्रश्न विचारलात, मला झोप येईना म्हणून उठून लिहितो आहे.

देवनागरीत मोठं-लहान नाही हे खरं. पण तो पाय मोडलेला र आहे ना, दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा यांतला, तो टाइप करायच्या दोन रीती आहेत. एक रीत : साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. दुसरी रीत : युनिकोडमध्ये मुद्दाम दिलेला खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. तुमचा कीबोर्ड एक करत असेल, पोराचा दुसरा. पडद्यावर फॉन्ट दोन्ही सारखंच काढतो, आतले बाइट वेगळे. आणि कर्नलला बाइटच दिसतात हे आपलं झालंय बोलून.

मोजून पाहा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवायच्या रीतीत, तीन बाइट घेतं, काना, उकार, हलन्त सुद्धा प्रत्येकी तीन, ते न दिसणारं चिन्हही तीन. एक 'दुसऱ्या' सात चिन्हांचा म्हणजे २१ बाइट, दुसरा आठ चिन्हांचा म्हणजे २४. टर्मिनलात एको हायफन एन करून नाव डब्ल्यूसी हायफन सीला पाठवलंत तर आकडा समोर येईल.

ॲ चंही तसंच. 'अल्बम'ला कुणी 'ॲल्बम' लिहितो, तर तो ॲ एकसंध अक्षर म्हणून टाइप होतो किंवा अ वर चंद्र ठेवून. दिसायला एक. आणि आकडे, मराठी १ आणि इंग्रजी एक, हे निदान दिसतात तरी वेगळे.

सर्व्हरकाका

मास्तर, दंडवत. मी इतकी वर्षं सर्व्हर सांभाळून राह्यलो, हे मले माहीत नव्हतं.

कॉन्व्ह-एमव्हीमध्ये एनएफसी नावाचा पर्याय आहे, तो र अधिक वेगळा नुक्ता अशी फोड असेल तर एकसंध ऱ करून देते. पण ते न दिसणारं जोडचिन्ह तो काढत नाही, आणि अ वरचा चंद्रही तसाच ठेवते. म्हणजे तुमच्या ह्या केसमध्ये हातानंच. एका मशिनीवरून दोन्ही फोल्डर उघडा, एकात सगळं घ्या, रिकामा उडवा. आणि तिन्ही मशिनींवर कीबोर्ड लेआउट एकच करा, हे सगळ्यात आधी.

मिहान_एक्सप्रेस

मराठी नावांचा अजून एक खड्डा सांगून ठेवते, तुमच्या धंद्यात नक्की येणार. लिनक्सवर एका फाइलीचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइट. इंग्रजीत २५५ अक्षरं, मराठीत भागिले तीन, ८५ चिन्हं, काना-मात्रा धरून. विंडोजचं मोजमाप वेगळं आहे, तिथं मराठीचीही २५५ बसतात. म्हणजे विंडोजवरून आलेली 'चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक शुभविवाह सोहळा अंतिम नक्की अंतिम' अशी फाइल, अमुक-तमुकच्या जागी दोघांची पूर्ण नावं येऊन मर्यादेपुढे गेली, तर लिनक्सवर कॉपी होतानाच 'नाव फार लांब' म्हणून थांबेल.

छापखाना_महाल

ताई, तुम्ही माझ्या दुकानात येऊन गेल्या का हो? 'अंतिम नक्की अंतिम' ह्या नावाच्या आमच्याकडे चार फाइली आहेत.

उन्हाळी_पाखरू

मध्येच घुसतो, मी पण नवाच आहे लिनक्सवर. मला रोजचा त्रास एवढाच की टर्मिनलात सीडी डाउनलोड्स टाइप केलं की 'असा फोल्डर नाही', कारण त्याचा डी मोठा. दरवेळी शिफ्ट दाबायचं विसरतो.

बर्डीचा_बंड्या

त्यावर उपाय आहे आणि ह्यात काही उडत नाही, शपथ. घरच्या फोल्डरात डॉट इनपुट-आरसी नावाची फाइल करा, त्यात एकच ओळ, सेट कम्प्लीशन-इग्नोर-केस ऑन. टर्मिनल बंद करून उघडा. आता लहान डी, ओ, डब्ल्यू लिहून टॅब दाबा, मोठा डी तो स्वतः करून घेते. शोधायला फाइंडला नेमऐवजी आयनेम, लोकेटला हायफन आय, ग्रेपले हायफन आय. कर्नल तसाच राहते, आपण शोधताना डोळा मिचकावायचा.

छापखाना_महाल

शेवटचा अहवाल देतो मंडळी, तुमचा वेळ घेतला खूप.

२२ च्या २२ झाल्या. नवरीच्या वडिलांना नवीन पेनड्राइव्ह देला, ह्या वेळी आधी मी पेनड्राइव्ह उघडून मोजला, ५४८ घरी तर ५४८ तिकडे. चहा पाजला, तर्री-पोहे खाऊ घातले, गेले हसत.

नियम असा केला : कॅमेऱ्यातून आलं ते 'मूळ' फोल्डरात, त्याले कोणी हात लावायचा नाही, नीट केलेलं सेव्ह करताना नावापुढे 'एडिट' इंग्रजीत लहान अक्षरात, म्हणजे नाव कसंही फिरवलं तरी एकमेकांवर बसत नाही. दुसरा फोटोग्राफर असला तर त्याच्या फाइलींपुढे 'बी'. फोल्डरची नावं इंग्रजीत, सगळी लहान, मधे हायफन. मराठी फक्त पत्रिकेत. बंड्याभाऊची जोड्या शोधायची कमांड भाच्यानं डेस्कटॉपवर आयकन करून देली, पोरगा रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी दाबते. पहिल्या दिवशी ३१ जोड्या निघाल्या, काल दोन.

त्या दोनमधली एक काही समजून नाही राह्यली. 'वरात' नावाचे दोन फोल्डर, इंग्रजीतच, दोन्ही लहान अक्षरात, बाइट मोजले तर एक सहा आणि एक पाच. आकडा टाकून झाल्यावर मले वाटून राह्यलं...

सर्व्हरकाका

शेवटी रिकामी जागा आहे भाऊ. पोरानं नाव लिहून स्पेस दाबला. लिनक्स तेही ठेवते. पण ही जोडी त्या आयकननं कशी पकडली? ते फक्त मोठं-लहान पाहते.

छापखाना_महाल

आयकननं नाही हो पकडली, पोरानंच डोळ्यानं पाहून आणून दाखवली. स्वतःचीच चूक.

बर्डीचा_बंड्या

त्या पोराले मिहानमधल्या आयटी कंपनीत पाठवा. आणि फुटाळ्याचा चहा माझ्याकडून, त्याच्यासकट.